मुका मार ओळखायला शिकवणारा प्रथमोपचार वर्ग : एक परीक्षण

रस्ते अपघातांनंतरच्या प्रथमोपचाराचे बहुतेक वर्ग वाहत्या रक्तापासून सुरू होतात. जखमेवर दाब कसा द्यावा, पट्टी कशी बांधावी, मोडलेल्या हाताला झोळी कशी करावी, एवढे शिकवून होईपर्यंत वेळ संपते आणि ज्याच्या अंगावर रक्त दिसत नाही तो वाचला, अशी समजूत घेऊन शिकणारा घरी जातो. एका स्वयंसेवी गटाचा, शनिवार-रविवार असा भरणारा जो वर्ग मी नुकताच पूर्ण केला, त्याचा सगळा भर याच्या विरुद्ध बाजूला आहे. अपघातानंतर जो स्वतः उठून उभा राहतो, कपडे झटकतो आणि ‘मला काही झालेले नाही’ असे सांगतो, त्याच्यापासून हा वर्ग सुरू होतो. पोटात, छातीत, कमरेत किंवा कवटीच्या आत झालेली इजा बाहेर खूण न दाखवता जीव कसा घेऊ शकते आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सामान्य माणसाने काय पाहावे, काय करावे व काय मुळीच करू नये, हा त्याचा गाभा आहे. वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाने तो करावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यातील काही सल्ले जुने झाले आहेत, काही महत्त्वाचे भाग घाईने उरकले जातात, आणि वर्गासोबत दिली जाणारी पेटी बरीच सुधारावी लागेल.

मुख्य शिक्षिका अपघात विभागात दीर्घकाळ काम केलेल्या परिचारिका आहेत, आणि त्यांचा अनुभव पहिल्याच तासात जाणवतो. त्या जखमी माणसांची छायाचित्रे दाखवत नाहीत, फक्त वाहनांची दाखवतात. वाकलेले स्टिअरिंग, कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली समोरची काच, आसनापर्यंत आत घुसलेला दरवाजा, दुचाकीचे पिळवटलेले हँडल अशी एकेक छायाचित्रे समोर येतात आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न असतो: आत बसलेल्या माणसाचे काय झाले असेल? त्यामागचे कारणही त्या नीट समजावून सांगतात. टक्कर एकदा होत नाही, तीनदा होते. पहिल्यांदा वाहन आदळते, मग वाहनातील शरीर आदळते आणि शेवटी शरीर थांबल्यावरही आतले अवयव पुढे जात राहतात व हाडांवर आदळतात किंवा आपल्या बंधांपासून ताणले जातात. हृदयातून निघणारी महाधमनी या ताणाने फाटू शकते, मेंदू कवटीच्या आतल्या बाजूवर आपटतो, यकृताला आणि प्लीहेला चिरा जातात. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणून ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने झालेली टक्कर 30 च्या टक्करीपेक्षा दुप्पट नव्हे तर चौपट घातक मानायला हवी. वाहनाबाहेर फेकला गेलेला माणूस, ज्याच्या शेजारचा प्रवासी जागीच दगावला आहे असा माणूस, वाहनाने उडवलेला पादचारी किंवा सायकलस्वार, हे सगळे चालत-बोलत असले तरी गंभीर जखमी समजावेत, हा त्या तासाचा निष्कर्ष होता. अंगावरच्या खुणांच्या आधी वाहनाकडे पाहण्याची ही सवय मला या वर्गातील सर्वांत मोलाची देणगी वाटते, कारण तिला कोणतेही साधन लागत नाही आणि ती पहिल्या काही सेकंदांत उपयोगी पडते.

यानंतर रक्ताचा हिशेब येतो, आणि तोही उत्तम शिकवला जातो. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 5 लिटर रक्त असते. त्यातील 15 टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण लिटर, आतल्या आत वाहून गेले तरी निरोगी माणूस जवळजवळ नेहमीसारखा दिसतो. त्यापुढे नाडी वेगाने चालू लागते, त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हातपाय गार पडतात, चेहरा फिका होतो, घाम फुटतो आणि तहान लागते. शरीर उरलेले रक्त मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखून ठेवत असते. रक्तदाब मात्र बहुधा 30 टक्के रक्त, म्हणजे सुमारे दीड लिटर, गेल्यानंतरच ढासळतो. शिक्षिकांनी हे फळ्यावर आडव्या रेषेने काढून दाखवले आणि तरुण, धडधाकट माणसांच्या बाबतीत ही रेषा अधिकच फसवी असते हे बजावले. त्यांचे शरीर शेवटपर्यंत तोल सांभाळते आणि मग एकदम कोसळते. बोलता-बोलता गेला, असे ज्याच्याबद्दल नंतर सांगितले जाते, त्याच्या शरीराने पूर्वी दिलेल्या सूचना पुष्कळदा कोणी मोजलेल्याच नसतात.

या सूचना मोजायला शिकवणारा सराव हा वर्गाचा सर्वोत्तम भाग आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. गटातील एक स्वयंसेविका दुचाकीवरून पडलेल्या तरुणीची भूमिका करते. तिच्या कोपरावर खरचटल्याची खूण रंगवलेली असते. ती उभी राहते, बाही झटकते, मोबाइल शोधते आणि ‘अहो, मी ठीक आहे, मला उशीर होतोय,’ असे म्हणून निघू पाहते. शिकणाऱ्यांनी काय करायचे ते त्यांच्यावर सोडलेले असते. नियम एवढाच, की जो तिच्या मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजेल, त्यालाच शिक्षिका आकडा लिहिलेली चिठ्ठी देतात. न मोजणाऱ्याला काहीही कळत नाही. आमच्या आधीच्या गटाने कोपर धुतले, त्यावर सुंदर पट्टी बांधली, आणि तिने पाणी मागितल्यावर पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात शिक्षिकांनी सराव थांबवला आणि विचारले, ‘ताईंनी पाणी कितव्यांदा मागितले?’ तिने तोवर तीनदा मागितले होते आणि कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या गटाने तिला बसवले आणि दर पाच मिनिटांनी नाडी मोजली. चिठ्ठ्यांवरचे आकडे क्रमाने 88, 104, 122 असे आले. दरम्यान स्वयंसेविकेने तळहात थंड पाण्यात बुडवून आणले होते, त्यामुळे नाडी धरणाऱ्याला ओला गारवा प्रत्यक्ष बोटांना लागला. ती चिडचिड करू लागली, मग गप्प झाली, मग डावा खांदा दुखतो असे म्हणाली. खांद्यावर तर काहीच लागलेले नव्हते. नाडी अंगठ्याने पाहू नये, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी जाणवते. अंगठ्याच्या बाजूला मनगटाच्या खोलगट भागात तर्जनी व मध्यमा हलकेच टेकवावीत. ठोके जोरकस आहेत की धाग्यासारखे बारीक हेही ध्यानात घ्यावे, असे बारकावे याच सरावात सांगितले गेले. प्रौढाची शांत अवस्थेतील नाडी मिनिटाला 60 ते 100 आणि श्वास 12 ते 20 असतात. पण भीतीनेही नाडी वाढते, म्हणून एका आकड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. घाबरलेल्या माणसाची नाडी धीर दिल्यावर उतरू लागते, आतून रक्त वाहत असेल तर ती चढत राहते. म्हणूनच पहिल्या मोजणीइतकीच दुसरी आणि तिसरी मोजणी महत्त्वाची आहे, ही गोष्ट ज्याने ती चिठ्ठी हातात घेतली आहे तो विसरणार नाही.

डाव्या खांद्याच्या दुखण्याचे स्पष्टीकरण ऐकताना सगळा वर्ग शांत झाला होता. प्लीहा पोटात डावीकडे, खालच्या बरगड्यांच्या आड असते. ती फुटली की रक्त श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली, साचते. श्वासपटलाची संवेदना नेणारी नस मानेतून निघते आणि खांद्याच्या टोकाची संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोहोचते, म्हणून पोटातील रक्ताची वेदना माणसाला खांद्यात जाणवते. प्लीहेची इजा कधीकधी लगेच उघड होत नाही. तिच्या आवरणात साचलेले रक्त काही दिवसांनीही फुटून बाहेर येऊ शकते. उजवीकडे यकृताची अशीच धास्ती असते. पोटावर आडवा उमटलेला सीटबेल्टचा वळ दिसला तर पट्ट्याने जीव वाचवला एवढेच म्हणून थांबू नये. त्या वळाखाली आतड्याला किंवा कमरेच्या मणक्याला इजा असण्याची शक्यता बरीच वाढते, आणि आतड्याच्या इजेची लक्षणे कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. पोट ताठ होणे, फुगणे, हलताना किंवा खोकताना कळ येणे आणि लघवीतून रक्त जाणे ही लक्षणे सगळ्यांना वहीत लिहायला सांगितली होती. पोट मऊ लागले म्हणजे आत सर्व ठीक आहे, असा उलटा अर्थ मात्र काढू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितले गेले.

छातीविषयीचे विवेचन आटोपशीर पण अचूक होते. बरगडी मोडून फुप्फुसाला छिद्र पडले आणि छातीत हवा कोंडत गेली तर श्वास दर मिनिटाला अधिक कष्टाचा होत जातो. अशा वेळी बाहेरून करण्यासारखे फारसे नसते, आणि श्वास घेणे सोपे जावे म्हणून जखमी ज्या स्थितीत बसू पाहतो त्या स्थितीत त्याला राहू देणे व मदत तातडीने मागवणे एवढेच आपल्या हाती असते. सलग काही बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या तर छातीचा तेवढा भाग श्वास घेताना फुगण्याऐवजी आत ओढला जातो. कपडा बाजूला करून आणि खाली वाकून छातीकडे डोळ्यांच्या रेषेत पाहिल्याशिवाय हे दिसत नाही.

कमरेच्या आणि मांडीच्या हाडांविषयी मला नवीन पुष्कळ मिळाले. मांडीचे हाड बंद अवस्थेत मोडले, कातडी कुठेही फाटलेली नसली, तरी मांडीच्या स्नायूंमध्ये लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. डॉक्टर ज्याला पेल्व्हिस म्हणतात तो कमरेच्या हाडांचा घेर मोडला तर रक्तस्राव याहूनही मोठा असतो. कमर दोन्ही हातांनी दाबून किंवा हलवून मोडली आहे का ते पाहण्याची जुनी पद्धत धोकादायक आहे, कारण नुकतीच धरू लागलेली रक्ताची गुठळी त्या हालचालीने सुटते. म्हणून कमरेत, जांघेत किंवा पाठीच्या खालच्या भागात दुखत असेल तर त्या माणसाला उभे करू नये, चालवू नये आणि कुशीवर वळवू नये. अपघातस्थळी जखमीला दोन्ही काखांत धरून उठवण्याची जी घाई होते, ती टाळण्यासाठी हा एक मुद्दा पुरेसा आहे, आणि शिक्षिकांनी तो अनेकदा उच्चारला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

डोक्याच्या मारासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ राखून ठेवली होती. कानाच्या वरच्या बाजूचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती तुटली तर माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, नीट बोलतो, आणि कवटीच्या आत रक्त साचत जाते तसा काही वेळाने पुन्हा मावळू लागतो. मधल्या या स्वच्छ काळातच लोक त्याला घरी पाठवतात. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, अवेळी झोप, बोलण्यात गोंधळ, एका बाजूच्या हातापायात अशक्तपणा, आकडी आणि दोन डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार वेगळा होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर तासभर वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येत असेल तर कवटीचा तळ मोडलेला असू शकतो, आणि तो द्रव थांबवण्यासाठी कापसाचा बोळा घालू नये. डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळानिळा डाग काही तासांनी उमटतो, म्हणून सुरुवातीला तो नसणे हे दिलासा देणारे मानू नये. शुद्ध मोजण्यासाठी चार सोप्या पायऱ्या शिकवल्या गेल्या: जखमी आपण होऊन जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमटा काढल्यावर हलतो किंवा कशालाच दाद देत नाही. रुग्णालयात वापरली जाणारी ग्लासगो श्रेणी, जी टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 साली मांडली आणि जिच्यात 3 ते 15 असे गुण असतात, ती सामान्यांना तोंडपाठ करायला लावली नाही, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटला.

मग हातांनी करायचे ते काय, हा प्रश्न साहजिक आहे, आणि वर्गाचे उत्तर प्रामाणिक आहे: आतल्या रक्तस्रावावर रस्त्यावर उपाय नसतो, तो शस्त्रक्रियागृहात किंवा रुग्णालयात असतो. आपले काम तिथपर्यंतचा वेळ कमी करणे आणि दरम्यान नुकसान वाढू न देणे हे आहे. प्रथम स्वतःची व जागेची सुरक्षितता पाहावी, लगेच आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा, श्वासमार्ग मोकळा आहे याची खात्री करावी, बाहेरून वाहणाऱ्या रक्तावर घट्ट दाब द्यावा आणि जखमीला सपाट झोपवून शक्य तितके स्थिर ठेवावे. त्यानंतर त्याला ऊब द्यावी, आणि या ऊब देण्याचे कारण मी इतक्या स्पष्टपणे पूर्वी कुठे ऐकले नव्हते. शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे आतला स्राव अधिक वाढतो आणि शरीर आणखी थंड पडते. जमीन अंगातील उष्णता खेचून घेते, म्हणून पांघरूण वरून घालण्याइतकेच शक्य असेल तेव्हा अंगाखाली काही सरकवणे महत्त्वाचे आहे, मात्र त्यासाठी जखमीला उचलू वा वळवू नये. भिजलेले कपडे काढावेत. उन्हाळ्याच्या दुपारीसुद्धा रक्त गमावलेला माणूस गारठतो. खायला-प्यायला काही देऊ नये, कारण थोड्याच वेळात त्याला भूल द्यावी लागू शकते आणि शुद्ध हरपली तर पोटातले फुप्फुसात जाऊ शकते. फार तहान लागली तर ओठ ओले करावेत. वेदनाशामक गोळी देऊ नये. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारखी औषधे रक्त गोठण्यात अडथळा आणतात.

बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या जखमीला उलटी होऊ लागली तर मानेच्या काळजीपेक्षा श्वासमार्ग आधी, हा क्रम येथे निःसंदिग्धपणे सांगितला जातो, आणि डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवण्याचा सराव सर्वांकडून करून घेतला जातो. श्वास थांबला असेल तर छातीवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब देण्याचा सरावही होता. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, तो सगळीकडे शिकवतात तसाच शिकवला गेला.

प्रत्येकाला मिळणारे जाड कागदाचे नोंदपत्र हा या वर्गाचा आणखी एक विशेष आहे. हाताच्या पंजाएवढ्या त्या पत्रावर अपघाताची वेळ, तो कसा झाला, कुठे दुखते, सध्याची औषधे, शेवटचे खाणे कधी झाले, आणि खाली नाडी, श्वास व शुद्ध यांचे चार-चार रकाने आहेत. त्यातील अपघाताची वेळ हा सर्वांत साधा दिसणारा रकाना डॉक्टरांना किती उपयोगी पडतो, याचे उदाहरण शिक्षिकांनी दिले. ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे रक्तस्राव आटोक्यात आणणारे औषध अपघातानंतर 3 तासांच्या आत दिले तर लाभ होतो, नंतर दिल्यास तो राहत नाही, उलट अपाय होऊ शकतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 40 देशांतील 20 हजारांहून अधिक जखमींचा समावेश असलेल्या क्रॅश-2 या चाचणीने या औषधाचे मोल दाखवून दिले. जखमी बेशुद्ध असेल आणि सोबत कोणी नसेल तर ही वेळ डॉक्टरांना सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरते, ती म्हणजे रस्त्यावर थांबलेली. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांच्या नावाशी जोडलेल्या ‘सुवर्ण तास’ या कल्पनेचाही, म्हणजे पहिल्या तासात उपचार मिळाले तर जखमी वाचण्याची शक्यता जास्त या विचाराचाही, उल्लेख झाला, पण 60 मिनिटे ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, कोणाला त्याहून फार कमी वेळ मिळतो, हेही लगेच जोडून सांगितले गेले.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव अशी, की वर्गासोबतच्या छापील पुस्तिकेत शॉकमधील, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या, जखमीचे पाय उंच करावेत असे आजही सरसकट लिहिलेले आहे. अपघातग्रस्ताच्या बाबतीत कमर, कणा किंवा पाय मोडलेला असण्याची शक्यता असते, त्यामुळे हा सल्ला येथे लागू करू नये. शिक्षिकांनी तोंडी तसे सांगितले, पण पुस्तिका घरी जाते आणि वर्षानुवर्षे टिकते, तोंडी दुरुस्ती टिकत नाही. छातीच्या उघड्या जखमेवर हवाबंद पट्टी लावण्याचे चित्रही त्याच पुस्तिकेत आहे. त्याने छातीत हवा कोंडण्याचा धोका वाढतो. हा मजकूर बदलेपर्यंत पुस्तिका वाटणे थांबवावे, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

दुसरी उणीव हेल्मेटची. जखमी नीट श्वास घेत असेल तर हेल्मेट काढू नये, श्वासमार्ग अडला असेल किंवा छातीवर दाब द्यावा लागणार असेल तरच काढावे आणि तेही दोघांनी मिळून, एकाने डोके व मान धरून ठेवत, ही पद्धत बरोबर सांगितली गेली. पण प्रात्यक्षिक एकदाच झाले आणि मागच्या रांगेतील कोणाला ते धड दिसलेही नसेल. तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट नाकावर अडकते, ते किंचित मागे कलवून सोडवावे लागते, आणि हे हातांनी केल्याशिवाय कळणारे नाही. त्रिकोणी पट्टीच्या निरनिराळ्या गाठींवर जो वेळ खर्च झाला, त्यातील निम्मा येथे द्यायला हवा होता.

तिसरी गोष्ट मला अधिक लागली. ज्यांच्यात अंतर्गत इजा सर्वांत सहज लपते त्यांच्याविषयी अखेरच्या काही मिनिटांत धावते बोलले गेले. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्यामुळे एकही बरगडी न मोडता आतले फुप्फुस चेचले जाऊ शकते, आणि सायकलचे हँडल पोटात रुतल्याची छोटीशी गोल खूण स्वादुपिंडाच्या किंवा आतड्याच्या इजेची एकमेव खूण असू शकते. गरोदर स्त्रीच्या शरीरात रक्त वाढलेले असते, म्हणून तिची लक्षणे उशिरा दिसतात, आणि तोवर गर्भाचा रक्तपुरवठा घटलेला असतो. पोटावर थेट मार नसला तरी वार, म्हणजे गर्भाला रक्तातून पोषण देणारा गर्भाशयातील अवयव, सुटू शकते, त्यामुळे मार किरकोळ वाटला तरी तिची तपासणी झालीच पाहिजे, आणि तिला झोपवायचे तर मोठ्या रक्तवाहिनीवर गर्भाशयाचा भार येऊ नये म्हणून डावीकडे कलते ठेवावे. वृद्धांपैकी अनेक जण रक्त पातळ करणारी औषधे घेत असतात, त्यांच्या मेंदूभोवती हळूहळू साचणारे रक्त कधी आठवड्यांनी त्रास देऊ लागते. रक्तदाबाची काही औषधे तर नाडी वाढूच देत नाहीत, म्हणजे ज्या आकड्यावर या वर्गाची सगळी इमारत उभी आहे तो आकडाच अशा माणसात फसवा ठरतो. ही माहिती शेवटी टिपण म्हणून देण्यासारखी नाही. स्वयंसेविकेच्या सरावासारखाच एक सराव वृद्धाच्या भूमिकेने व्हायला हवा, ज्यात नाडी 80 वरच राहते आणि शिकणाऱ्याला त्वचा, श्वास आणि बोलण्यातील बदल यांवरून ओळखावे लागते.

पेटीबद्दल थोडक्यात. कपडे कापण्याची बोथट टोकाची कात्री मजबूत आहे, चकाकणारे उष्णतारोधक पांघरूण हलके आहे, रक्त थांबवण्याचा पट्टा चांगल्या प्रतीचा असून त्यावर बांधल्याची वेळ लिहायला जागा आहे. परंतु हातमोज्यांचा एकच जोड, बाहुल्या तपासायला निरुपयोगी ठरेल इतका मंद टॉर्च, आणि जंतुनाशक मलमांची व वेदनाशामक गोळ्यांची गर्दी, हे सगळे वर्गात शिकवलेल्याशी विसंगत आहे. ज्या गोळ्या जखमीला देऊ नका असे सांगितले, त्याच पेटीत सापडल्या तर घाबरलेल्या माणसाच्या हातून त्या दिल्या जाणारच. त्या काढून त्यांच्या जागी मोज्यांचे आणखी जोड, रुंद पट्ट्या, पक्क्या शाईचे पेन आणि ती नोंदपत्रे ठेवावीत.

रुग्णालयातून परतल्यानंतरच्या काळावर एक स्वतंत्र सत्र होते, आणि इतर ठिकाणी हा विषय येतच नसल्यामुळे त्याचे कौतुक करायला हवे. पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे इजा नाही असे नव्हे, कारण पोटातला द्रव दिसण्याइतका साचावा लागतो आणि आतड्याची इजा तिच्यातून सहज निसटते. म्हणून घरी पाठवलेल्या जखमीसोबत निदान पहिले 24 तास कोणीतरी जाणते असावे, डोक्याला मार असेल तर रुग्णालयाने सांगितल्याप्रमाणे त्याची शुद्ध पुन्हा पुन्हा पाहावी, आणि वाढणारी पोटदुखी, चक्कर, धाप किंवा खांद्यातले नवे दुखणे जाणवले तर ‘कालच दाखवले आहे’ असे म्हणून न थांबता परत न्यावे. दारूच्या अमलाखालील जखमीची झोप ही दारूची समजू नये, ही सूचनाही याच सत्रातली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार रस्त्यांवर दरवर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसे मरतात आणि 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण हेच आहे. हा वर्ग मी विशेषतः नव्याने वाहन चालवू लागलेल्यांना, शाळेच्या बसचे चालक व सहायक यांना, आणि लांब पल्ल्याच्या मार्गांवर ज्यांचे रोजचे काम आहे त्यांना सुचवेन. पूर्वी प्रथमोपचार शिकलेल्यांनीही तो करावा, कारण त्यांच्या जुन्या वर्गात हा भाग बहुधा नसेल. नाव नोंदवताना गटात किती जण असतील ते आधी विचारा. आमच्या वर्गात गर्दी होती आणि नाडीच्या सरावाला प्रत्येकाला जेमतेम एक फेरी मिळाली. उजळणीची सोय आयोजकांनी ठेवलेली आहे, परंतु ती प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरच मिळते. ती दर सहा महिन्यांनी, केवळ त्या एका सरावापुरती ठेवली तर तासाभरात होईल, आणि पुस्तिकेची नवी आवृत्ती आली की जुन्या विद्यार्थ्यांना तीही त्याच वेळी देता येईल.